बी ग्रुपनं न ऐकलेला भाग

भिलाईतल्या नालंदा नगरचा रेडिओ कडुनिंबाच्या झाडावर राहत असे. आकाशवाणीशी त्याचं नातं नव्हतं, त्याला लहरी नव्हत्या आणि लायसन तर नव्हतंच. झाडावर दोन कर्णे होते, विहारातल्या लोखंडी पेटीत एक ॲम्प्लिफायर होता आणि ॲम्प्लिफायरपाशी देवीदास होता. कर्णे भीमजयंतीसाठी घेतलेले. जयंती झाली की वर्षभर त्यांच्यात चिमण्या संसार करत. देवीदास रेल्वेच्या यार्डात इलेक्ट्रिशियन. एवढं महागाचं सामान वर्षातून एकदा बोलतं आणि बाकीचे दिवस चिमण्यांची पिल्लं सांभाळतं, हे त्याला पटेना. त्यानं विहारात माइक मांडला आणि जाहीर केलं, दर रविवारी संध्याकाळी ज्याला आपली गोष्ट सांगायची असेल त्यानं येऊन सांगावी, ज्याला मत द्यायचं असेल त्यानं मत द्यावं. लोक त्याला रेडिओ म्हणू लागले. घरबसल्या ऐकू येतो आणि बंद करता येत नाही, त्यामुळे काहींच्या मते तो भोपाळच्या रेडिओपेक्षा वरचढ होता.

कायदे दोन. पहिला, बोलणाऱ्यानं नाव सांगायचं नाही, म्हणजे लाजेपायी कोणाची गोष्ट अडणार नाही. म्हणून जो तो "मी एक माणूस बोलून राहिलो" अशी सुरुवात करी, आणि अंगणाअंगणातून पोरं ओरडत, "धोंडबाकाका होय! धोंडबाकाका!" दुसरा कायदा उदबत्तीचा. माणूस बोलायला बसला की देवीदास एक उदबत्ती पेटवी. ती विझली की माइक बंद, मग तुम्ही विहिरीत अर्धे उतरलेले असा की मरणाच्या दारात असा. मताला अर्धी उदबत्ती. मताला पुरी दिली की त्याचं भाषण होतं, असा देवीदासचा अनुभव होता.

या रेडिओवर पंचफुलाबाईचं नाव मोठं होतं, म्हणजे नाव न सांगता जेवढं मोठं होऊ शकतं तेवढं. गोंदियाहून पॅसेंजरनं बकरी घेऊन येताना टी. सी.नं बकरीचं तिकीट मागितलं आणि बकरीनं त्याची पावती खाल्ली, ही तिची गोष्ट शेजारच्या कुरुद गावच्या पानठेल्यापर्यंत पोचली होती. तिचा नवरा जानराव पोलादाच्या प्लांटमधे रोलिंग मिलला. तो रेडिओवर कधी बोलला नव्हता. तो घरीही फारसा बोलत नसे. पंचफुलाबाई म्हणे, "आमच्या घरी एकाच माणसाचं बोलणं येते, ते मीच सगळं वापरून टाकतो."

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता तिची मुलगी कौशल्या राजनांदगावहून सासर सोडून आली. भर दुपारी, अनवाणी. पाणी प्याली, भाकर खाल्ली आणि आतल्या खोलीत जाऊन झोपली ती दुसऱ्या दिवशी उठली. उठल्यावर तिनं आईला एकदाच सगळं सांगितलं. नवरा विजयकुमार आणि सासरा रामाजी सकाळी पिठाच्या चक्कीवर जाताना घराला बाहेरून कुलूप लावायचे. संध्याकाळी येऊन उघडायचे. लग्न झाल्यापासून रोज. एकदा स्टोव्ह भडकून तिचा हात भाजला, तेव्हा चक्की बंद होईपर्यंत ती रांजणात हात घालून बसली होती. एवढं सांगून झाल्यावर कौशल्या पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

आठ दिवसांत रामाजीचा निरोप आला: सून भिंतीवरून उडी मारून पळाली आहे, आमची अब्रू गेली आहे, समाजानं बैठक घेऊन तिला परत पाठवावं. बैठक म्हणजे विहार समिती. समिती म्हणेल ते वस्तीत चाले. समितीनं "जा" म्हटलं तर कौशल्याला जावं लागणार, आणि "जा" म्हणायची समितीला सवय होती.

पंचफुलाबाईनं विचार केला. बैठकीत बायकांना बोलायला मिळतं ते चहा किती कप हे विचारल्यावर. त्यापेक्षा आधीच रेडिओवर सगळी गोष्ट सांगून टाकावी. वस्ती आपल्या बाजूनं झाली की समिती कुठं जाते? विचार चांगला होता. घोळ झाला तो धोंडबामुळे. धोंडबा समितीचा अध्यक्ष. मागच्याच महिन्यात त्यानं डोंगरगडच्या जंगलातल्या अस्वलाची गोष्ट सांगितली होती, आणि अस्वल त्याच्या डब्याचं झाकण उघडतं न उघडतं तोच उदबत्ती विझली. पुढचा आठवडाभर धोंडबाला जागोजागी फुकट चहा मिळाला. लोक त्याला सायकलवरून उतरवून विचारत, "मंग काय झालं गा?" पंचफुलाबाईनं हे पाहिलं होतं. चांगली गोष्ट दोन भागांत सांगावी, हे तिच्या मनानं तेव्हाच घेतलं होतं.

पहिल्या रविवारी ती माइकसमोर बसली. देवीदासनं उदबत्ती लावली.

"मी एक बाई बोलून राहिली," ती म्हणाली. "माह्या पोरीनं सासरच्या भिंतीवरून उडी मारली. दिवसाढवळ्या."

 मग तिनं ती भिंत उभी केली, भिंतीवरच्या काचा लावल्या, पलीकडे शेजाऱ्याची गाय बांधली. पोरगी गायीच्या पाठीवर पडता पडता राहिली, गायीनं असं पाहिलं जशी ती लग्नाला न बोलावलेली पाहुणी होय. मग सडकेवर एक ट्रक. ट्रकवाला सरदारजी म्हणे, बेटी, बैठ जा. पोरगी त्याच्या ट्रकमधे कांद्याच्या पोत्यांवर बसून दुर्गपर्यंत आली आणि वाटभर शिंकत राहिली. वस्ती हसून हसून लोटपोट. उदबत्ती चिमटीएवढी राहिली तेव्हा पंचफुलाबाईनं आवाज खाली आणला. "आता ते कायले पळाली, त्याच्यामागं एक वस्तू होती. लोखंडाची. मुठीत मावते एवढी. ते वस्तू कोणती, ते पुढच्या रविवारी."

उदबत्ती विझली. अंगणाअंगणातून टाळ्या वाजल्या. पंचफुलाबाई घामानं डबडबून बाहेर आली आणि तिला वाटलं, पोरगी वाचली.

मताला दोन माणसं आली. एकाचं मत पडलं की गायीला बांधायची जागा भिंतीपासून लांब पाहिजे. दुसऱ्याचं मत, सरदारजी चांगला माणूस होता पण आपण त्याचं पोरीसमोर कौतुक करू नये.

आता इथं प्लांटच्या पाळ्यांचं सांगायला हवं, त्यावाचून पुढचं कळणार नाही. प्लांटमधे माणसं ग्रुपनं कामाला जातात. एक आठवडा सकाळपाळी, पुढचा आठवडा दुपारपाळी, मग रातपाळी. समितीवर पाच जण होते आणि पाचही बी ग्रुपचे. याला कारण होतं. पूर्वी समितीत सगळ्या ग्रुपचे लोक होते तेव्हा सात महिने एकही बैठक झाली नाही, कारण दोघं घरी असले की तिघं भट्टीवर असत. शेवटी असं ठरलं की अनुभव, वय, शिक्षण या गोष्टी ठीक आहेत, पण समितीवर जायचं तर आधी माणूस बी ग्रुपचा पाहिजे. जानरावही बी ग्रुपचाच, पण समितीवर नव्हता. बोलत नाही म्हणून.

पहिल्या रविवारी बी ग्रुपची सकाळपाळी होती. सगळे घरी होते. सगळ्यांनी भिंत, गाय आणि सरदारजी ऐकले. पुढच्या रविवारपासून त्यांची दुपारपाळी लागली. पंचफुलाबाईच्या घरात भिंतीवर पाळ्यांचं कॅलेंडरच टांगलेलं होतं, तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण गोष्टीच्या भरात असलेल्या माणसाला ऐकणाऱ्याची ड्यूटी आठवत नाही.

दुसऱ्या रविवारी तिनं कुलूप सांगितलं. रोजचं सांगितलं, रांजणातला हात सांगितला. या वेळी कोणी हसलं नाही. चुलीपुढच्या बाया हात थांबवून ऐकत बसल्या. शेजारीण शेवंता मत द्यायला धावत गेली आणि अर्धी उदबत्ती नुसती रडली. देवीदासनं ते रडणं मत म्हणून धरलं. त्याच वेळी बी ग्रुप प्लांटमधे लाल लोखंडासमोर उभा होता, आणि तिथं शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानराव चहा पीत असताना पंचफुलाबाई म्हणाली, "बुधवारी बैठक ठेवली म्हणे. तुम्ही धोंडबाभाऊले कुलपाचं सांगून ठेवा."

"कोणतं कुलूप?"

"अहो, पोरीले कुलपात ठेवत होते ना! मी तुमाले सांगितलं होतं ते आली तेव्हा."

जानरावनं बशीतला चहा फुंकला. "तू रेडिओवर तर तसं नाई म्हटलं."

"काल म्हटलं! दुसऱ्या भागात!"

"मी पहिला ऐकला," जानराव म्हणाला. "त्याच्यात गाय होती." आणि त्याच्या त्या दिवसाच्या वाट्याचं बोलणं संपलं.

पंचफुलाबाई तशीच धोंडबाकडे गेली. धोंडबा अंगणात सायकलची चेन घासत होता.

"जय भीम, भाऊ."

"जय भीम. या वयनी. काय गोष्ट सांगितली व तुम्ही त्या दिवशी! गाय तर अजून माह्या डोळ्यापुढून हालत नाई."

"भाऊ, ते अर्धीच होती. अर्धी काल सांगितली. पोरीले बाहेरून कुलूप लावत होते."

धोंडबानं चेन सोडली. तो वाईट माणूस नव्हता. विचार करताना त्याचे ओठ हलत. "असं आहे वयनी, रेडिओवर तुम्हीच म्हटलं का पोरीनं उडी मारली. सगळ्या बी ग्रुपनं ऐकलं. आता तुम्ही इथं येऊन दुसरं सांगता. उद्या रामाजी म्हणन, अध्यक्ष बाईच्या घरगुती बोलण्यावर गेला. जे रेडिओवर आलं ते सगळ्यांपुढं आलं. अंगणात आलं ते अंगणातलं."

"पण रेडिओवर आलं ना कालच! विचारा बायांना!"

"विचारलं ना. आमच्या घरी विचारलं सकाळीच." धोंडबानं घराकडे मान वळवून हाक मारली. "काय व, कुलूप कसं होतं?"

आतून बायको म्हणाली, "पितळेचं. दोन होते. एक दाराले अन् एक पोरीच्या पायाले."

"अन् शेवंताबाई म्हणते एकच होतं पण सासरा चावी नदीत फेकून देत होता रोज," धोंडबा म्हणाला. "रोज फेकून देत होता तर उघडत कसा होता वयनी? तुम्हीच सांगा."

पंचफुलाबाईला पहिल्यांदा भीती वाटली. आतापर्यंत तिनं सांगितलेली गोष्ट लोकांच्या तोंडी वाढली की तिला आनंदच होई. बकरीनं खाल्लेली पावती आता कुरुदला टी. सी.ची टोपी झाली होती, त्याचं तिला कौतुकच होतं. आज पहिल्यांदाच गोष्ट होती तेवढीच राहायला हवी होती.

बुधवारी सकाळी विहारात बैठक भरली. दुपारपाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी असे, ड्यूटीवर जायच्या आत निकाल लावायचा. रामाजी राजनांदगावहून पहिल्या गाडीनं आला होता. पंचफुलाबाईनं रागानं त्याच्याकडे पाहायचं ठरवलं होतं, पण रामाजी इतका हसतमुख म्हातारा होता की राग धरायला त्याच्यावर जागा सापडेना. त्यानं समितीसाठी चक्कीवरचं ताजं पीठ आणलं होतं, पाच पुड्या. "बाई, तब्येत बरी आहे ना? कौशल्या जेवते ना नीट?" त्यानं तिलाच विचारलं.

पंचफुलाबाई उभी राहिली. "भीमबाबाच्या या फोटोखाली बसले तुम्ही सगळे," ती म्हणाली. "मले दुसरा भाग सांगू द्या. इथंच सांगतो."

समितीत कुजबुज झाली. मग धोंडबानं निर्णय दिला, आणि तो त्याला फार न्यायाचा वाटला. पहिला भाग समितीनं कर्ण्यातून ऐकला होता, तर दुसराही कर्ण्यातूनच ऐकला पाहिजे. एक भाग रेडिओवरचा आणि एक तोंडी, असा न्याय होत नाही. देवीदासला घरून उठवून आणलं. त्यानं पेटी उघडली, वायर जोडली. मग समितीचे पाचही सभासद, रामाजी आणि जानराव विहारातून उठून बाहेर गेले आणि कडुनिंबाखाली, कर्ण्यांकडे तोंड करून बसले. पेटीपाशी बसलेला देवीदास सोडला तर पंचफुलाबाई आत एकटी राहिली, समोर माइक आणि जळती उदबत्ती. दारातून तिला सात पाठी दिसत होत्या.

तिनं सांगितलं. या वेळी तिनं गाय घेतली नाही, सरदारजी घेतला नाही. कुलूप, दार, रांजण.  उदबत्ती अर्धीही जळली नव्हती तेव्हा तिचं सांगून झालं. कधी नव्हे ते वेळ उरला, आणि उरलेल्या वेळात काय बोलावं हे तिला सुचेना, म्हणून कर्ण्यातून बराच वेळ नुसती खरखर येत राहिली.

मग रामाजी म्हणाला, मलाही एक उदबत्ती द्या. न्यायाचीच गोष्ट होती. तो आत येऊन बसला, माइकवर फुंकर मारून पाहिली आणि खूश झाला.

"मी एक म्हातारा बोलून राहिलो," रामाजी म्हणाला. "कुलूप लावत होतो, खोटं कायले बोलू? लावत होतो. आमच्या मोहल्ल्यात माकडं आहेत. साधे नाई. कडी काढतात. एका माकडानं शेजारच्या मास्तराचा चष्मा घातला अन् त्याच्याच खुर्चीवर बसलं. मास्तराच्या बायकोनं त्याले चहा दिला बाप्पा! चहा पिऊन झाला तेव्हा तिले समजलं."

कडुनिंबाखालून हसू आलं. मग अंगणांतून आलं. मग सगळी वस्ती हसली, त्यात रविवारी रडलेल्या बायाही होत्या. हसू काही कोणाला विचारून येत नाही. पंचफुलाबाई विहाराच्या पायरीवर उभी होती. तिला कळत होतं की गोष्ट फार छान रचली आहे. चहा पिऊन झाल्यावर समजलं, हे तर तिलाही इतकं जमलं नसतं. माकड कुलूप बाहेरून लावल्यानं थांबतं की आतून कडी घातल्यानं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. तिला सुचलं, पण तिची उदबत्ती वापरून झाली होती.

"जानराव," धोंडबानं विचारलं, "तू पोरीचा बाप. तुह्यं काय मत?"

देवीदासनं वायर ओढत माइक बाहेर आणला आणि जानरावपुढे धरला. जानरावनं माइककडे पाहिलं. "समिती म्हणन ते," तो म्हणाला. कर्ण्यानं ते कुरुदच्या रस्त्यापर्यंत पोचवलं.

समितीनं निकाल दिला. मुलीनं सासरी जावं. कुलूप लावू नये असं समिती म्हणत नाही, कारण माकडं आहेत. पण मुलीच्या आईचं समाधान व्हावं म्हणून कुलपाची दुसरी चावी पंचफुलाबाईंकडे भिलाईत ठेवावी.

पाचही जणांना हा निकाल फार आवडला. रामाजीनं तर खिशातून चावी काढून तिथंच पंचफुलाबाईच्या हातात दिली. "घ्या बाई. तुमची तुमच्याजवळ." चावी गरम होती, त्याच्या खिशातल्या उबेनं. पंचफुलाबाईनं ती मुठीत धरली आणि राजनांदगाव तिथून किती लांब आहे याचा विचार करत उभी राहिली.

सगळे मिळून जानरावच्या घरी आले, कौशल्याला घेऊन जायला. दार आतून बंद होतं.

"कौशल्या, दार उघड व बेटा," धोंडबा म्हणाला. रामाजीनं हाक मारली, अगदी मायेनं. कोणी तरी दार ढकलून पाहिलं. आत कडी होती आणि दारामागं काहीतरी जड लावलेलं होतं, बहुतेक धान्याची कोठी. निकाल कर्ण्यातून तिनंही ऐकलाच होता. वस्तीत कोणाला ऐकू आला नव्हता असं कोणी नव्हतं.

देवीदास वायर सोडत सोडत माइक घेऊन दारापर्यंत आला. सवयीचा परिणाम. समितीच्या लोकांनी एकेकानं माइकवरून समजावलं, म्हणजे जी दाराच्या पलीकडे चार हातांवर होती तिला झाडावरून समजावलं. तेवढ्यात ड्यूटीची वेळ होऊ लागली. एक सभासद म्हणाला, मी निघतो, गेटवर लाइन लागते. त्याच्यामागं दुसरा गेला, मग आणखी दोघं. समिती सायकलींवर बसून निघून गेली आणि धोंडबा तेवढा राहिला, एक पाय पॅडलवर ठेवून.

जानराव मात्र जाऊ शकत नव्हता. त्याचे सेफ्टी शू घरात होते. चपलेनं गेटच्या आत घेत नाहीत. हे त्याला आता आठवलं.

तो खिडकीपाशी गेला. "कौशे," तो म्हणाला, "जोडे दे."

खिडकीचं एक फळकूट उघडलं. कौशल्याचा चेहरा दिसला नाही, नुसता आवाज आला. "बाबा, जोडे पाहिजे?"

"हो."

"मंग बोला. मी इथं राहू का तिथं जाऊ. समिती नाई, तुम्ही बोला."

 देवीदासनं माइक जानरावच्या तोंडाशी नेला, आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत. आता जानरावचा श्वास सगळ्या वस्तीत ऐकू येऊ लागला. तो श्वास घेत होता, सोडत होता. अंगणात कपडे वाळत घालणारी शेवंता हात वर धरून तशीच उभी राहिली. धोंडबानं घड्याळ पाहिलं. पंचफुलाबाईच्या जिभेवर दहा वाक्यं आली, ती जानरावला देता आली असती तर तिनं सगळी दिली असती.

"राहू दे," जानराव म्हणाला.

"काय राहू दे? जोडे?"

"पोरीले. घरी राहू दे." मग थोडा वेळ श्वास. "मी ठेवतो."

खिडकीतून एक जोडा बाहेर पडला, मग दुसरा. जानराव पायरीवर बसला आणि लेस बांधू लागला. रामाजी त्याच्यासमोर वाकला. अजूनही तो रागावलेला दिसत नव्हता. "जानरावभाऊ, हे तुम्ही जोड्यासाठी बोलले का मनातून बोलले? तेवढं सांगा. मी काही वाईट मानणार नाई."

जानरावनं दुसरी लेस बांधली. उठला. "ड्यूटीची वेळ झाली," तो म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. धोंडबाही त्याच्यामागं गेला. आता अध्यक्षच ड्यूटीवर गेला म्हटल्यावर जुना निकाल कायम आहे की नवा लागला आहे, हे सांगायला कोणी उरलं नाही.

रामाजीनं रुमालानं कपाळ पुसलं. "बरं," तो म्हणाला, "पुढच्या बैठकीत पाहू. तुमची रातपाळी लागन तेव्हा मी येतो. तोवर राहू द्या तिले, माहेर आहे."

पंचफुलाबाईनं चावी त्याच्यापुढे धरली.

"असू द्या, असू द्या," तो हसून म्हणाला. "आमच्याजवळ आहे." आणि छत्री उघडून स्टेशनच्या बाजूला चालू लागला.

देवीदासनं वायर गुंडाळली. दारात पंचफुलाबाई एकटी राहिली. तिनं दारावर बोटांनी वाजवलं. "कौशे, गेले सगळे. उघड आता."

"सगळे नाई गेले," आतून आवाज आला. "तू आहे ना."

पंचफुलाबाईला वाटलं पोरगी गंमत करते. ती हसली. आत कोणी हसलं नाही.

"माय," कौशल्या म्हणाली, "ते उडी तू किती मजेची सांगितली व. मी आत बसून ऐकून राहिली होती. सगळे हासून राहिले होते. शेवंतामावशी तर इतकी हासली का मले तिचा आवाज वेगळा ऐकू आला."

"अगं, ते लोकांनी ऐकलं पाहिजे म्हणून..."

"भिंतीवरच्या काचा सांगितल्या तुनं. काच माह्या पायात गेला होता. तळव्यात. ते नाई सांगितलं."

"ते दुसऱ्या भागात..."

"दुसऱ्या भागात भी नाई. आज भी नाई."

हे खरं होतं. तळव्यातली काच पंचफुलाबाईनं स्वतःच्या हातानं, सुई तापवून काढली होती. पण पहिल्या भागात ती सांगितली असती तर गायीवर कोणी हसलं नसतं, आणि दुसऱ्या भागात कुलूप होतं, तिथं काचेला जागा नव्हती. गोष्ट सांगताना काही ना काही गाळावं लागतं. हे तिनं मनात म्हटलं आणि मनातच तिला ते कसंसं वाटलं.

"अन् मी तुले म्हटलं होतं का, सांग म्हणून?" आतून आवाज आला. "मी तर तुलेच सांगितलं होतं."

पंचफुलाबाईनं तोंड उघडलं. तिला उत्तर सुचलं, त्याची सुरुवात चांगली होती आणि शेवटी एक हलकंसं वळणही होतं. तिनं तोंड मिटलं. दुसरं सुचलं, तेही चांगलं होतं. तिला आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या सुरुवातीची भीती वाटली. ती पायरीवर बसली. आत कोठी सरकवल्याचा आवाज येईल म्हणून ती कान देऊन होती. तो आला नाही. आत कौशल्या चालत होती, एक पाय थोडा जपून टाकत.

कुंपणापलीकडून शेवंतानं हाक मारली, "काय व पंचफुला? मंग? पुढं काय झालं?"

"मले नाई माहीत," पंचफुलाबाई म्हणाली.

शेवंता थोडा वेळ वाट पाहत उभी राहिली. पंचफुलाबाईकडून एवढंच उत्तर येईल यावर तिचा विश्वास बसेना.